दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक

(नव्याने छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी दिलेल्या रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



व्यवसाय सुरू करणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास पडतो. 'माल तर चांगला आहे, मग खपत का नाही?' आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, 'जाहिरात कशी करू?' आज या दोन प्रश्नांविषयी बोलायचं आहे. बोलणं हवेत राहू नये म्हणून आपण एक गाव डोळ्यांसमोर धरू. इंदापूर तालुक्यातलं कळस. बारामती आणि इंदापूर या दोन मोठ्या बाजारपेठांच्या मधलं हे गाव. आसपास ऊस, द्राक्ष, डाळिंब, घरोघरी दुभती जनावरं. एका अंगाला वालचंदनगरचे कारखाने, तर दुसऱ्या अंगाला भिगवण आणि पुणे-सोलापूर महामार्ग. महाराष्ट्रात अशी गावं पुष्कळ आहेत. त्यामुळे कळसला जे लागू पडेल, ते तुमच्या गावालाही बऱ्याच अंशी लागू पडेल.

समजा, या गावातल्या एका ताईंनी शेंगदाण्याची चटणी करून विकायचं ठरवलं. हात चांगला आहे. घरचे म्हणतात, पाहुणे म्हणतात, 'वहिनी, तुमच्या चटणीला तोड नाही.' बचत गटाकडून थोडं कर्ज घेतलं. पहिल्या महिन्यात शंभर पाकिटं गेली. घरात आनंदीआनंद. दुसऱ्या महिन्यात चाळीस गेली, तिसऱ्या महिन्यात पंधरा. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला तेवढाच. मग कोणीतरी सांगतं, जाहिरात करा, बोर्ड लावा, पत्रकं वाटा. त्यात आणखी दोन-तीन हजार रुपये जातात.

इथे काय झालं ते नीट पाहू. पहिल्या महिन्यात चटणी विकली गेली नाही, ताईंची ओळख विकली गेली. नणंदेनं घेतली, जावेनं घेतली, गटातल्या मैत्रिणींनी घेतली, शाळेतल्या बाईंनी घेतली. त्यातल्या कितीतरी जणींनी कौतुक म्हणून घेतली, काहींनी भीड म्हणून. यात वाईट काहीच नाही. आपली माणसं पाठीशी उभी राहतात, म्हणून तर माणूस धाडस करतो. पण हा धंदा नव्हे, हा आहेर झाला. आहेर एकदाच येतो.

म्हणून आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. पहिली खरेदी ओळखीवर होते, दुसरी खरेदी मालावर होते. तुमचा व्यवसाय सुरू होतो तो दुकानाची फीत कापली जाते त्या दिवशी नाही. ज्या दिवशी एखादं अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येऊन 'मागच्या वेळेला नेलं होतं तेच द्या' म्हणतं, त्या दिवशी तो सुरू होतो. मार्केटिंग हा शब्द आपण फार मोठा करून ठेवला आहे. छोट्या माणसासाठी त्याचा अर्थ इतकाच, की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यावं यासाठी जे जे करावं लागतं ते सगळं.

आता हे मोजायचं कसं? त्यासाठी शाळकरी मुलाची वही पुरेशी आहे. एका पानावर नाव किंवा खूण, तारीख आणि काय नेलं एवढंच लिहायचं. नात्यातल्या, गटातल्या माणसांपुढे फुली मारायची, कारण त्यांना हिशेबात धरायचं नाही. उरलेल्यांपैकी किती जण महिना-दीड महिन्यात परत आले ते पाहायचं. हल्ली बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवरून पैसे देतात. त्या यादीत नाव आणि तारीख आपोआप नोंदली जाते. रात्री दहा मिनिटं ती यादी चाळली, तरी कोण परत आलं आणि कोण नाही हे कळतं. तीस अनोळखी माणसांनी नेलं आणि त्यातली दहा-बारा परत आली, तर माल चालतो असं समजायला हरकत नाही. दोनच आली, तर बोर्ड लावून उपयोग नाही. आधी त्या न आलेल्या अठ्ठावीस जणांपैकी चार-पाच जणांना गाठायचं आणि विचारायचं.

विचारायचं कसं, तेही महत्त्वाचं. 'चटणी आवडली का?' असं विचारलं, तर आपल्याकडे कोणीही 'छान होती हो' असंच म्हणणार. तोंडावर नाही म्हणायची आपली रीत नाही. त्याऐवजी विचारावं, 'संपली का? किती दिवस पुरली? घरात कुणी खाल्ली, कुणी खाल्ली नाही?' मग खरं बाहेर येतं. 'तिखट फार होती, पोरांनी खाल्ली नाही.' 'पंधरा दिवसांत खवट वास यायला लागला.' 'पाकीट फाडलं की परत बंद करता येत नाही, मुंग्या लागल्या.' या तीन वाक्यांची किंमत कोणत्याही पत्रकापेक्षा जास्त आहे. तिखट कमी करता येतं, दाणे नीट भाजून कमी माल ताजा ताजा करता येतो, पाकीट बदलता येतं. हे सगळं बदलल्यावर त्याच माणसाकडे परत जायचं आणि सांगायचं, 'मावशी, तुम्ही म्हणालात तसं केलंय, जरा बघा.' ज्याचं म्हणणं आपण ऐकलं, ते गिऱ्हाईक सहसा तुटत नाही.

श्रोतेहो, गर्दी आणि गिऱ्हाईक यांतला फरकही इथेच सांगायला हवा. आपल्या भागातून संत तुकाराम महाराजांची पालखी जाते. बारामती, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. त्या दोन-तीन दिवसांत रस्त्याकडेला काहीही ठेवा, चार पैसे होतात. पण त्या दिवसाची विक्री पाहून वर्षभराचा अंदाज बांधू नये. ती गर्दी पुढच्या मुक्कामाला निघून जाते. यात्रा, उरूस, प्रदर्शनं यांचंही तसंच. अशा दिवसांतले पैसे गल्ल्यात घ्यावेत, जादा माल खपवावा, नव्या चवीची परीक्षा घ्यावी. पण त्या आकड्यावर कर्ज काढू नये. कर्ज काढायचं तर साध्या महिन्यातल्या साध्या आठवड्याच्या विक्रीवर.

मग रोजचं गिऱ्हाईक कोण? इथे आपण मोघम बोलतो. 'आमचा माल सगळ्यांसाठी आहे,' असं म्हणतो. सगळ्यांसाठी असलेला माल बहुधा कुणाचाच नसतो. कळसच्या आसपासच पाहा. एक शेतकरी घर, जिथे दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो. दुसरं वालचंदनगरमधलं नोकरदार घर, जिथे महिन्याला पगार येतो. तिसरं महामार्गावरून जाणारं पुण्या-सोलापूरचं कुटुंब, जे भिगवणला मासे खायला थांबतं. चौथा बारामतीत शिकायला खोली करून राहणारा मुलगा. पाचवं हंगामात फडावर आलेलं ऊसतोडणीचं कुटुंब. चटणी या पाचही जणांना लागते. पण शिकणाऱ्या मुलाला छोटं पाकीट हवं आणि ते खोलीजवळच्या दुकानात मिळायला हवं. महामार्गावरच्या कुटुंबाला घरी न्यायला बरं दिसेल अशी बरणी हवी. शेतकरी घराला किलोच्या हिशेबात स्वस्त पडायला हवं आणि ते दुधाचा पगार झाल्याबरोबर दोन दिवसांत दाराशी यायला हवं. फडावरच्या कुटुंबाला पाच-दहा रुपयांत भाकरीबरोबर होईल एवढंच हवं. माल एकच, पण गिऱ्हाईक बदललं की पाकीट, जागा, दिवस आणि भाव बदलतो. सुरुवातीला यांतलं एकच निवडा. एकाच्या घरात नीट शिरलात, की दुसऱ्याचं दार उघडायला सोपं जातं.

आता जरा जुन्या माणसांकडे वळू. लिज्जत पापडाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. म्हणजे पहिली विक्री त्यांचीही ओळखीवरच झाली. पुढचा भाग मात्र ऐकण्यासारखा आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक थोडा हलका, स्वस्तात विकायला. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, ज्यांना छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच चांगला पापड करा, प्रतीत तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा. आज लिज्जतमध्ये हजारो भगिनी काम करतात, पण पायाचे दगड हे दोनच आहेत. माल रोज सारखा आणि हिशेब चोख.

'माल रोज सारखा' याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते सर्वांत उत्तम चवीसाठी नाही, तर त्याच चवीसाठी. कालची चटणी झकास, आजची खारट, परवाची पुन्हा झकास, असं झालं की विश्वास जातो. घरच्या स्वयंपाकात अंदाजाने मीठ टाकतात ते ठीक. व्यवसायात मात्र दाणे, लसूण, मिरची, मीठ हे सगळं वजन करून घ्यायचं आणि कागदावर लिहून भिंतीला लावायचं. ताईंना ताप आला आणि जाऊबाईंनी चटणी केली, तरी चव तीच यायला हवी. शंभर-दोनशे रुपयांचा वजनकाटा ही माझ्या मते नव्या खाद्यव्यवसायातली पहिली जाहिरात आहे.

लिज्जतचीच आणखी एक गोष्ट. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही काम चालू राहिलं. हा किस्सा विक्रीच्या विषयात का सांगतो? कारण चार महिने माल मिळाला नाही, तर गिऱ्हाईक तुमची वाट पाहत बसत नाही, ते दुसऱ्याचं होतं. दुकानदाराला दर सोमवारी पाकिटं देतो म्हणालात, तर सोमवारी द्या. लग्नसराई असो, पेरणी असो. जमत नसेल तर महिन्यातून दोनदाच देतो असं आधीच सांगा. थोडा पण नेमाने येणारा माल भरपूर पण लहरीने येणाऱ्या मालापेक्षा चांगला.

दुसरं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. विचार करा, माल चांगला, गरज खरी, तरी दोन वर्षं. कारण गिऱ्हाइकाच्या मनात भीती होती आणि त्या भीतीचं उत्तर शब्दांत देऊन भागत नव्हतं, शेतात देऊन दाखवावं लागत होतं. ज्याच्या रानात तो नांगर चालला आणि पीक आलं, तो शेतकरीच पुढे नांगराचा विक्रेता झाला. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोडजवळ कारखाना उभा राहिला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्र निघालं. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला निघालेलं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत वाचलं गेलं. नुसतं 'आमचा माल घ्या' न म्हणता लोकांना उपयोगी पडेल, वाचावंसं वाटेल असं काही देत राहावं, हे त्यातलं शहाणपण आजही उपयोगी आहे.

तुमच्या हातातल्या मोबाइलवर हेच करता येतं. गिऱ्हाइकांचा गट करून रोज सकाळी 'शुभ सकाळ' आणि पाकिटाचा फोटो पाठवला, तर लोक आठ दिवसांत आवाज बंद करून ठेवतात. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा काहीतरी कामाचं पाठवा. उन्हाळ्यात चटणी कशी टिकवावी, डब्यात लवकर होणारी भाजी कोणती, आज कोणत्या दिवशीचा ताजा माल निघाला. गोठ्यावरचं तूप विकणाऱ्याने तूप कढवताना घेतलेला अर्ध्या मिनिटाचा साधा व्हिडिओ पुरेसा बोलतो. आणि हो, ज्याने दुसऱ्यांदा नेलं आहे त्याचाच नंबर गटात घ्या, तोही विचारून.

विक्री म्हणजे फक्त पाकिटातला माल नव्हे, हे आपल्या भागानेच दाखवून दिलं आहे. भीमेवर उजनीचं धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. पाणी पसरलं आणि भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या भागात हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे अग्निपंख, मोठ्या संख्येने येऊ लागले. मासेमारी करणारे काही नावाडी पर्यटकांना पक्षी दाखवायला नेऊ लागले. आता पाहा, पर्यटक तिथे नावेत बसायला येत नाही. नाव पुण्यातही मिळते. तो पक्षी पाहायला येतो. म्हणून जो नावाडी पक्ष्यांची नावं सांगतो, कोणत्या वेळेला उजेड कुठून येतो हे जाणतो आणि पक्षी उडणार नाहीत इतक्या अंतरावर इंजिन बंद करतो, त्याचा नंबर फोटो काढणारा माणूस जपून ठेवतो. पुढच्या वर्षी त्यालाच फोन करतो आणि चार मित्रांनाही देतो. गिऱ्हाईक आपल्याकडून नक्की काय विकत घेतंय, हे त्याला कळलेलं असतं. तुम्हीही स्वतःला विचारा. शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे बाई ब्लाउज शिवायला येते, की लग्नाच्या आदल्या दिवशी तो हातात पडेल या खात्रीसाठी येते? बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं. तसं असेल, तर 'वेळेवर देतो' हीच तुमची जाहिरात.

आता भावाकडे येऊ, कारण इथे सर्वांत जास्त माणसं फसतात. चटणीचाच हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एक किलो चटणीला दाणे, लसूण, मिरची, मीठ, गॅस मिळून १६० रुपये. दोनशे ग्रॅमची पाच पाकिटं, त्यांची पाकिटं आणि लेबलं २० रुपये. आणण्या-नेण्याचा खर्च १० रुपये. झाले १९०. म्हणजे एका पाकिटाला ३८ रुपये. ताई म्हणतात, ६० ला विकते, २२ रुपये सुटतात. इथे एक गोष्ट विसरली. ताईंची मजुरी. किलोमागे ती ६० रुपये धरली, तर खर्च २५० झाला, पाकिटाला ५० रुपये. आता सुटतात फक्त १०.

पुढे गावात विक्री मंदावली, म्हणून त्या बारामतीच्या दुकानदाराकडे जातात. तो म्हणतो, 'मावशी, मला वीस टक्के सुटायला हवेत.' साठाचे वीस टक्के बारा रुपये. ताईंच्या हातात ४८ पडतात. खर्च ५०. दर पाकिटामागे दोन रुपये स्वतःच्या मजुरीतून जातात आणि जितकी विक्री वाढेल तितकी घट वाढते. मजुरी धरलीच नसेल, तर हे कळतही नाही. 'धंदा चालतोय, पण पैसा दिसत नाही,' असं आपण ऐकतो, त्यामागे बहुधा हा हिशेब असतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून भाव असा धरावा, की दुकानदाराचं कमिशन जाऊनही चार पैसे उरतील. इथे ७० रुपये भाव ठेवला, तर दुकानदाराचे १४ जाऊन ५६ येतात, सहा उरतात. दारावर विकलं तर वीस उरतात. पण दारावर ६० आणि दुकानात ७० असं करू नका. दुकानदाराला कळलं की तो माल ठेवणार नाही. आणि भाव ७० ठेवल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नसेल, तर तोही एक निकाल आहे. मग खर्च कमी करा, पाकीट लहान करा किंवा तो माल सोडून दुसरा धरा. तोट्यात विकून गिऱ्हाईक जोडता येत नाही, कारण भाव वाढवला की ते जातं.

उधारीचं काय? खेडेगावात उधारी नाही म्हणणं अवघड. 'वहिनी, पैसे काय पळून जातात का?' असं म्हटल्यावर काय बोलणार! पण चटणी गेली, पैसे नाहीत आणि मागायची लाज वाटते, यात छोटा व्यवसाय बुडतो. शिवाय उधारी थकली की गिऱ्हाईक तोंड चुकवतं, दुसऱ्या गल्लीने जातं. म्हणजे पैसाही जातो आणि दुसरी खरेदीही. तेव्हा एक साधा नियम करता येईल. उधारी द्यायचीच झाली तर दुधाच्या पगारापर्यंत आणि आधीचे पैसे आल्याशिवाय पुढचं पाकीट नाही. हा नियम नणंदेला आणि परक्याला सारखाच ठेवा. नियम सर्वांना सारखा असला की वाईटपणा येत नाही. दुकानदाराशीही तसंच. 'ठेवून जा, खपलं तर बघू' म्हणणाऱ्या दहा दुकानांपेक्षा मागच्या मालाचे पैसे देऊन पुढचा माल घेणारी तीन दुकानं भली. ठेवलेला माल कधी संपला, किती परत आला, खवट झाला का, हे दर फेरीला वहीत लिहा.

पाकिटावरचं लेबल हीसुद्धा जाहिरात आहे आणि ते कायद्याचंही काम आहे. खाण्याचा पदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. छोट्या व्यावसायिकासाठी ही नोंदणी सोपी ठेवलेली आहे. त्याशिवाय पदार्थाचं नाव, त्यातले घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, कमाल किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर. हे सगळं ओझं म्हणून पाहू नका. अनोळखी गिऱ्हाईक तुम्हाला ओळखत नाही, ते लेबल वाचतं. तारीख नसलेलं पाकीट पुण्यातली बाई हातात घेऊन परत ठेवते. आणि फोन नंबर नसेल, तर दुसऱ्यांदा घ्यायचं मनात असूनही ती कुठे शोधणार?

नाव साधं असावं, उच्चारायला सोपं असावं आणि त्यात गाव असलं तर उत्तम. गावाच्या नावाला किंमत येते. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेल्या गुणामुळे. पण उलटंही खरं आहे. गावाचं नाव लावलं की एकाच्या खवट पाकिटाने साऱ्या गावाचं नाव खराब होतं. कळसचं नाव पाकिटावर लावायचं, तर आधी पाया भरावा लागतो.

मोठ्या प्रदर्शनांचा उल्लेख राहिला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या पुढाकाराने पुण्यात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं. बचत गटांच्या कितीतरी भगिनींना तिथे शहरातलं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं. संधी मिळाली तर जरूर जा. पण चार दिवसांत किती गल्ला झाला एवढंच मोजून परतू नका. तिथे चव घेणारे हजार, नेणारे शंभर. त्या शंभरांतल्या वीस जणांनी तरी घरी गेल्यावर फोन करावा, यासाठी काय केलंत? प्रत्येक पाकिटात फोन नंबरची चिठ्ठी हवी. कुरियरने किंवा एसटीने माल पाठवायला किती पैसे लागतात, हे आधीच माहीत हवं. कमीत कमी किती पाकिटं घेतली तर पाठवणं परवडतं, हे तोंडपाठ हवं. आणि परत आल्यावर पंधरा दिवसांनी एकदा, फक्त एकदा, विचारावं, 'ताई, चटणी संपली असेल तर पाठवू का?' दोन महिन्यांनी मागे वळून पाहिलं, की त्या चार दिवसांची खरी कमाई या फोनांच्या यादीत दिसते.

शेवटी, नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडक्यात क्रम सांगतो. पहिले तीन महिने घरातल्या भांड्यांवर आणि घरातल्या पैशांवर काम करा. एक माल, एक प्रकारचं गिऱ्हाईक, एक ठरलेला दिवस. वही रोज लिहा. नात्यातली विक्री वेगळी काढा. न परतलेल्यांना विचारा आणि ऐकलेलं अमलात आणा. अनोळखी माणसं परत येऊ लागली, नेमाने येऊ लागली, मग भांडवल वाढवा, मग बोर्ड लावा, मग पत्रकं छापा. तेव्हा जाहिरात कामाला येते, कारण जाहिरातीने आणलेलं गिऱ्हाईक टिकवणारा माल तुमच्याकडे असतो. त्याआधी केलेली जाहिरात गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखी आहे.

तीन महिन्यांत अनोळखी गिऱ्हाईक परत आलंच नाही, तर काय? तर तो माल थांबवावा. त्यात कमीपणा काही नाही. हजार-दोन हजारांच्या खर्चात एक गोष्ट कळली, ती पन्नास हजारांचं कर्ज काढून कळली असती, तर घर हललं असतं. त्याच वहीत बहुधा पुढच्या व्यवसायाची खूणही असते. चटणी कुणी परत मागितली नाही, पण तीन जणींनी 'तुमच्याकडे घरचं तूप मिळेल का?' असं विचारलेलं असतं. गिऱ्हाईक काय मागतंय हे ते सांगत असतं. आपण आपलं पाकीट पुढे करण्याच्या गडबडीत ते ऐकत नाही, इतकंच.

तेव्हा श्रोतेहो, उद्या कुणी तुम्हाला विचारलं, 'धंदा कसा चाललाय?' तर किती विकलं ते सांगू नका. किती जण परत आले ते सांगा. तो आकडा वाढत असेल, तर काळजीचं कारण नाही.